मोजमाप-वही, पान अठरा

फितीचं एक टोक सादिककडे, एक माझ्याकडे.
दिवाणखाना: अठ्ठावीस फूट चार इंच.
पुन्हा मोजला. तेवढाच.
भिंत दीड हात जाड, काळ्या दगडाची;
आत शिरलं की एप्रिल
दाराबाहेर चपलांजवळ थांबतो.

नकाशा विलायतेहून आला, पत्र्याच्या नळीत गुंडाळून:
ब्रेथवेट साहेबाच्या आजोळचं घर.
गिरणीचा मॅनेजर तो. भोंगा त्याच्या मनगटी घड्याळावर वाजे.
त्याला सगळं तसंच्या तसं हवं होतं,
उभं उतरतं छप्पर, चार त्रिकोणी माथे,
बागेकडे पोट काढून आलेली खिडकी,
आणि दिवाणखान्यात, उत्तरेच्या भिंतीत,
शेकोटी.

सोलापुरात. शेकोटी.

दगड घडवला तिम्मण्णा बंदपट्टेनं.
त्याला इंग्रजी येत नव्हतं, साहेबाला वडारी;
दोघांचं मराठी सारखंच मोडकं,
म्हणून भांडण कधी पुरतं झालं नाही.
छप्पर एवढं उभं कशाला, त्यानं विचारलं,
पाऊस इथं चहा न घेता जाणारा पाहुणा.
बर्फ, साहेब म्हणाला. घसरून पडायला हवा.
बर्फ म्हणजे?
साहेबानं इकडं-तिकडं पाहिलं,
कारकुनाच्या खांद्यावरचा कापसाचा पुंजका उचलला
आणि फुंकला.

एवढ्यासाठी? तिम्मण्णा म्हणाला. हा तर झाडूनही जातो.
पण उतार दिला.
पंचावन्न अंश. आज चारी बाजूंनी मोजला,
अर्ध्या अंशाचा फरक नाही.

साहेब सात वर्षं राहिला.
एका डिसेंबरात लाकडं रचली होती म्हणे,
मडमेनं नुसती पाहिली
आणि पंखेवाल्याला हाक मारली.
मग दुसरे मॅनेजर, मग लेबर ऑफिस, मग रेशनची पोती,
मग गिरणीला टाळं,
त्या टाळ्यावर कोर्टाचं टाळं.

हे सगळं राजव्वा म्याकल सांगते, वॉचमनची बायको.
तिला कुणी सांगितलं, तिलाही आठवत नाही.
वॉचमन गेला. पगार त्याच्याही आधी गेलेला.
ही राहिली.
पोट काढलेल्या खिडकीत सूप मांडीवर घेऊन विड्या वळते,
साडेसहापर्यंत तिथं उजेड चांगला असतो.
वहीत याला रकाना नाही.

आणि शेकोटीत तीन विटा, तवा,
तव्यावर ज्वारीची भाकरी.
तिनं काटक्या पेटवल्या तसा सादिकनं रुमाल नाकाला लावला,
खोली आता भरणार म्हणून.
धूर उठला, जरा घुटमळला,
आणि वाट माहीत असल्यासारखा
वर गेला.

मी बाहेर धावलो.
त्रिकोणी माथ्यांच्या वर निळसर रेघ, सरळ.
पलीकडे गिरणीची चिमणी, हिच्या सहापट उंच,
तिच्या तोंडावर दोन घारी.
ज्यानं हुडहुडी भरेल अशी थंडी पाहिली नाही,
त्यानं धुराचा घसा कुठं आवळायचा, कुठं सैल सोडायचा
कुणाला विचारून ठरवलं?
नकाशात तर एवढं नसतं. मी नकाशे वाचतो, मला माहीत आहे.

"पयल्या दिवशी एक घरटं पडलं," राजव्वा म्हणाली,
"मग कायबी नाही."
भाकरी दिली, वर शेंगाचटणी.
उभ्यानंच खाल्ली.

'स्थिती' या रकान्यात काय लिहायचं
ते वरून सांगून ठेवलंय. एकच शब्द, सगळीकडे.
मी तो लिहीत आलो: छप्पर, जिना, तुळया, व्हरांडा.
मग ओळ सव्विसावी.
धुराडं, नग एक. उंची एकतीस फूट दोन इंच.
पेन थांबलं.
लिहिलं: चालू.

साहेब, सादिक म्हणाला,
फीत काळी झाली.